अर्धवट क्रोशे मैत्रिणींना दाखवायचं कसं: थांबण्यापासून उसवण्यापर्यंत

क्रोशेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे फोटो एकदा ओळीनं पाहा. पलंगावरची फुलाफुलांची चादर, तिच्यावर अर्धा विणलेला तुकडा, सुई टाक्यातच अडकलेली, आणि खाली एवढंच: "कसं वाटून राहिलं?" उत्तरात बदाम, अंगठे आणि "मस्तच गं". विणणारीला खरं तर काठ आत का चाललाय ते विचारायचं असतं. ते तिनं विचारलेलं नसतं आणि फोटोतून कुणाला दिसत नाही. ती पुढे पंधरा ओळी विणते आणि मग सगळं उसवते.

अर्धवट काम दाखवायचं ते चूक लहान असतानाच सापडावी म्हणून. कौतुक तयार वस्तूचं होतंच. चूक सापडण्यासाठी समोरच्याला तुमचे टाके मोजता आले पाहिजेत, फोटोत असोत की हातात. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तो उलटसुलट केला तर मेहनत तेवढीच लागते आणि हाती काही येत नाही.

या लेखात "खांब" म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन विणलेला टाका, आणि "मुका खांब" म्हणजे वेढा न घेता विणलेला आखूड टाका. तुमच्याकडे वेगळे शब्द असतील तर तेच वापरा, फक्त ग्रुपमध्ये सगळ्यांचे एकच असू द्या.

टप्पा १: ओळ पूर्ण करून थांबा

दाखवायचं ठरलं की हातातली ओळ संपवा. गोल काम असेल तर फेरी पूर्ण करून पहिल्या टाक्याला जोडा. खेळण्यांसारखं न जोडता सलग फिरणारं काम असेल तर फेरी जिथे सुरू झाली त्या टाक्यात खुणेची पिन लावा. अर्ध्या ओळीत थांबलेला तुकडा एका बाजूनं उंच दिसतो. मग पाहणारी म्हणते "तिरपं होऊन राहिलं बाई", आणि चर्चा भलतीकडेच जाते.

दाखवण्याच्या चांगल्या वेळा तीनच. पायाच्या साखळीवर (कामाच्या सुरुवातीला विणलेल्या साखळीवर) दोन-तीन ओळी झाल्यावर, आकार बदलायच्या आधी (बगल, गळा, टोपीची घट), आणि रंग बदलायच्या आधी. पहिली वेळ सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच सगळ्या जणी टाळतात, कारण एवढंसं काय दाखवायचं म्हणून लाज वाटते. पण पायाची साखळी घट्ट झालेली असेल तर ते तिसऱ्या ओळीतच कळतं: खालची कड आखूड, वरची रुंद, तुकडा पंख्यासारखा. तिसऱ्या ओळीला सापडलं तर दहा मिनिटांचं काम वाया जातं. (उपाय साधा आहे. साखळीपुरती अर्ध्या किंवा एक मिमीनं जाड सुई घ्या आणि पहिली ओळ सुरू करताना नेहमीच्या सुईवर या.)

थांबा: चूक दिसली म्हणून दाखवायच्या आधीच उसवू नका. चुकलेला टाका जागेवर असतो तेव्हाच तो का चुकला हे कुणी सांगू शकतं. उसवल्यावर हातात लोकर आणि आठवण एवढंच उरतं, आणि आठवणीतले टाके कुणाला मोजता येत नाहीत.

टप्पा २: शेवटचा टाका बांधून ठेवा

दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर जिवंत असते, म्हणजे सुई निघाली की उसवू शकते. क्रोशेत जिवंत फास एकच. तेवढा सांभाळला की काम सुरक्षित.

सुई काढा. फासात खुणेची पिन किंवा साधी सेफ्टी पिन घाला आणि ती बंद करा. पिन नसेल तर फास वीतभर लांब ओढून ठेवा, म्हणजे धक्का लागला तरी उसवणार नाही. सुई टाक्यात ठेवून फोटो काढला तर छान दिसतो हे खरं, पण सुईच्या वजनानं तो कोपरा ओढला जातो आणि शेवटचे दोन-तीन टाके तिच्याखाली झाकले जातात. काठाच्या बहुतेक चुका त्या दोन-तीन टाक्यांतच असतात.

दोरा कापू नका आणि शेवटची गाठही मारू नका. सुरुवातीचं शेपूटही तसंच लोंबू द्या. ते कुरूप दिसतं म्हणून कापून टाकणाऱ्या पुष्कळ आहेत, पण दिशा ओळखायला पुढे तेच लागतं.

टप्पा ३: आधी स्वतः मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निम्मे प्रश्न इथेच सुटतात आणि ग्रुपवर टाकायची गरजही पडत नाही.

सरळ ओळींचं काम असेल तर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ओळीतले टाके मोजून कागदावर लिहा. आकडे सारखे असतील तर टाके बरोबर आहेत आणि दोष हाताच्या घट्ट-सैलपणाचा आहे. आकडा दर ओळीला एकेकानं घटत असेल तर जवळजवळ नेहमी कारण एकच. खांबाच्या ओळीची सुरुवात आपण ३ साखळ्यांनी करतो. बहुतेक पॅटर्नमध्ये त्या ३ साखळ्या हाच पहिला खांब असतो, म्हणून लगेच खालच्या टाक्यात खांब घालायचा नसतो. मात्र परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्याच ३ साखळ्यांच्या टोकावर घालावा लागतो, आणि तो दिसत नाही म्हणून राहतो. उलट, पहिल्याच टाक्यात खांब घातला आणि शेवटी टोकावरही घातला, तर दर ओळीला एक वाढतो आणि काठ बाहेर पळतो. मुक्या खांबाच्या १ साखळीची गोष्ट वेगळी. ती सहसा टाका म्हणून धरत नाहीत. पॅटर्नमध्ये काय धरलंय ते पाहा आणि चिठ्ठीवर लिहा.

पायाची साखळी मोजताना सुईवरचा फास आणि सुरुवातीची सरकती गाठ, दोन्ही सोडून द्या. मधल्या इंग्रजी व्ही आकाराच्या कड्या तेवढ्या मोजा.

गोल कामाचा हिशेब वेगळा. क्रोशेची रांगोळी, ताटाखालचं आसन, टेबलावरचा रुमाल, सगळ्याला तोच लागू. खांबाचा साधा सपाट गोल १२ खांबांनी सुरू होतो आणि दर फेरीला १२ वाढतात: १२, २४, ३६, ४८, ६०. मुक्या खांबाचा गोल ६ नं सुरू होतो आणि ६ नं वाढतो: ६, १२, १८, २४. पाचव्या फेरीत ६० खांब हवेत आणि तुमचे ५४ भरले, तर सहा जागी वाढ राहून गेलीय आणि तुकड्याची वाटी होऊ लागेल. ६६ भरले तर कडेला झालर येईल. जाळीच्या नक्षीत खांबांमध्ये साखळ्या असतात, तिथे हे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. पण वाटी म्हणजे वाढ कमी आणि झालर म्हणजे वाढ जास्त, हे तिथेही खरं.

तपासा: मोजताना दर दहा टाक्यांना एक पिन किंवा वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. तो फोटोत तसाच राहू द्या. पाहणाऱ्याचं निम्मं काम होतं.

टप्पा ४: चिठ्ठी लिहा

कामासोबत एक छोटी चिठ्ठी हवी. ग्रुपवर टाकताना तीच मजकूर होते, घरी जमताना तीच पिशवीत राहते. नमुना असा:

काम: बाळाची शाल, सातवी ओळ झाली.
लोकर: अ‍ॅक्रिलिक, ४ प्लाय, शेड आणि लॉट नंबर लेबलावरून.
सुई: ४ मिमी.
पॅटर्न: अमेरिकन पद्धत, १३५ खांब.
माझं माप: १० सेंमीत १६ खांब. पॅटर्नमध्ये १८.
हात: उजवा.

यातली एकही ओळ शोभेची नाही. सुई मिमीमध्येच लिहा, "चार नंबरची" असं लिहू नका. कंपनीप्रमाणे नंबर बदलतात, मिमी बदलत नाही. सुईवर मिमी नसेल तर पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, कुणीतरी ओळखेल.

मापाची ओळ बऱ्याच जणी गाळतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. वरच्याच उदाहरणात १३५ खांबांची शाल पॅटर्नप्रमाणे ७५ सेंमी रुंद व्हायला हवी. १० सेंमीत १६ बसणाऱ्या हातानं ती ८४ सेंमीच्या पुढे जाते. टाका एकही चुकलेला नाही, तरी शाल मोठी, आणि लोकर शेवटी कमी पडणार. मग लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीच्या नंबरची, गरज लागते. नागपुरात बर्डीवर किंवा इतवारीच्या बाजारात परत जाऊन त्याच शेडचा गुंडा आणला तरी लॉट वेगळा असला की रंगात फरक पडू शकतो, आणि शालीच्या मधोमध पट्टा दिसतो. म्हणून लेबल फेकू नका, चिठ्ठीलाच टाचून ठेवा.

पॅटर्नची पद्धत लिहायची ती यासाठी: अमेरिकन पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, पण ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे मुका खांब. नाव तेच, उंची निम्मी. ओळखायची खूण सोपी आहे. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे आलं असेल तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. एकीनं ब्रिटिश समजून आणि दुसरीनं अमेरिकन समजून सल्ला दिला की अर्धा तास भांडण चालतं आणि दोघीही बरोबर असतात.

डावखुऱ्या असाल तर ते पहिल्याच ओळीत सांगा. तुमचं काम आरशातल्यासारखं उलट्या दिशेनं जातं, आणि उजव्या हातानं विणणारी नसलेली चूक शोधत बसते.

टप्पा ५: अंथरा आणि फोटो काढा

आपल्याकडे उन्हाळ्यात उजेड हीच मोठी अडचण. पारा ४५ च्या आसपास गेला की सकाळी दहालाच पडदे ओढले जातात, कूलर सुरू होतो आणि घरात अंधार. तिथे काढलेल्या फोटोत मरून आणि लाल एकच दिसतात. बाहेर उन्हात काढला तर पांढऱ्या दोऱ्यावरची नक्षीच दिसत नाही. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान गॅलरीत किंवा पडवीत, सावलीत काढा. एरवी कोणत्याही ऋतूत खिडकीजवळची जागा चांगली, पण ऊन थेट कामावर पडत नाही एवढं पाहा.

खाली एकरंगी कापड घ्या: गडद लोकरीखाली पांढरी ओढणी, पांढऱ्या दोऱ्याखाली गडद टॉवेल किंवा ब्लाउजपीस. फुलांची चादर नको. काळ्या लोकरीचे टाके नुसत्या डोळ्यांनाच दिसत नाहीत, फोटोत काय दिसणार. ती खिडकीच्या काचेवर धरून मागच्या उजेडात एक फोटो काढा, टाक्यांच्या मधल्या जागा उठून दिसतात आणि त्यावरून मोजता येतं.

मापासाठी टेप सोबत ठेवा. टेप नसेल तर १० रुपयांचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिमी असतो. मोबाइल बरोबर वरून, आडवा धरा. कोनातून काढलेल्या फोटोत चौकोनही तिरपा दिसतो.

तीन फोटो लागतात. एक सगळ्या तुकड्याचा, चारही कडा चौकटीत. एक जवळून, जिथे शंका आहे तिथला, टाके स्पष्ट दिसतील असा. एक उलट्या बाजूचा. गोल कामाची वाटी किंवा झालर दाखवायची असेल तर चौथा बाजूनं, टेबलाच्या पातळीवरून.

तपासा: तुकडा सुलट ठेवलाय ना? उजव्या हातानं विणत असाल आणि पहिली ओळ सुलट बाजू असेल, तर सुलट बाजू समोर असताना सुरुवातीचं शेपूट खाली डाव्या कोपऱ्यात येतं. शेपूट न कापण्याचा उपयोग हा.

थांबा: फोटोसाठी काम ताणू नका, टाचण्या लावून सपाट करू नका. तयार वस्तूचा फोटो तसा काढावा, पण इथे तुम्ही तोच दोष लपवताय जो दाखवायला बसलात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीनं फोटो दाबला जातो आणि मोठा करून पाहिला की टाक्यांचा चिखल दिसतो.

टप्पा ६: एकच प्रश्न विचारा

"कसं वाटतं?" याला "छान" हेच उत्तर येणार, त्यात कुणाचा दोष नाही. प्रश्नात जागा, आकडा आणि शंका, तिन्ही असू द्या. समोरासमोर तो साधारण असा होतो:

"काकू, हे पाहा ना. पहिल्या ओळीत ४०, सातवीत ३४. दोन्हीकडून आत जाऊन राहिलं."
"दोन्हीकडून? मग दर ओळीत शेवटचा खांब राहून राहिला तुझा. कुठं घालते तू तो?"
"तीन साखळ्यांच्या शेजारच्या टाक्यात."
"अगं, साखळ्यांच्या टोकावर घाल."

चार वाक्यांत काम झालं, कारण आकडे आधीच मोजलेले होते. इथे सहा टाके घटले आणि काठ दोन्ही बाजूंनी आत चालला, हे पहिल्याच वाक्यात आलं. तुमच्या मनात तीन शंका असतील तर सगळ्यात खालच्या ओळीतली आधी विचारा. खालची चूक वर चढत जाते. वरची निस्तरून खालची तशीच राहिली तर दोन्ही पुन्हा कराव्या लागतात.

फक्त दाखवायचंच आहे, सल्ला नकोय, असंही असतं. तसं सरळ लिहा: "चुका सांगू नका, नुसतं पाहा." यात काही वाईट नाही. न लिहिता टाकलं आणि कुणी चूक काढली की रुसायचं, हे मात्र बरं नाही.

टप्पा ७: प्रत्यक्ष जमायचं असेल तर

हातात घेऊन पाहिल्यासारखं फोटोत कधीच दिसत नाही. धरमपेठेतल्या कुणाच्या हॉलमध्ये जमा की अंबाझरीच्या बागेत, तयारी तीच: फासात पिन लावलेलं काम, गुंडा, चिठ्ठी, टेप, जास्तीची सुई, आणि त्याच लोकरीचा छोटा नमुन्याचा तुकडा, १५–२० टाक्यांचा. सगळं तोंड बांधता येईल अशा कापडी पिशवीत. पावसाळ्यात वरून प्लास्टिक घाला, पण घरी आल्यावर लगेच काढा.

जमण्याचा क्रम आधी ठरवा. काम आधी, खाणं नंतर. तर्री पोहे आले की बोटांना तेल आणि तिखटाचा लाल रंग लागतो, आणि पांढऱ्या सुती दोऱ्यावर तो बसला की निघता निघत नाही. रुखवताच्या वस्तूवर असा डाग पडला तर सगळ्यांचंच तोंड उतरतं. मे महिन्यात घामाचाही विचार करा. ओलसर बोटांवरून दोरा अडत जातो आणि टाके घट्ट पडतात. जानेवारीत सुरू केलेली शाल मेमध्ये पुढे नेली की बदल नजरेनं दिसतो. जवळ कोरडा रुमाल ठेवा आणि कूलरच्या थेट झोतात बसू नका, दोरा उडतो आणि शिंतोडेही येतात.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कुणीतरी मोठी मावशी काम हातात घेते, "थांब, मी दाखवते" म्हणते आणि तुमच्याच शालीवर अर्धी ओळ विणून देते. मनानं ती फार चांगली असते. पण प्रत्येकीचा हात वेगळा, आणि त्या अर्ध्या ओळीचा घट्टपणा शेवटपर्यंत ओरडत राहतो. म्हणून नमुन्याचा तुकडा पुढे करा: "मावशी, यावर दाखवा ना, म्हणजे मला जवळ ठेवता येईल." कुणाचंही मन मोडत नाही आणि शाल वाचते. शिवाय तो तुकडा नंतर घरी उसवून, पुन्हा विणून शिकता येतो.

टप्पा ८: सल्ले चाळून घ्या

पाच जणी असल्या की सहा सल्ले येतात. ज्यांनी टाके मोजून सांगितलं त्यांचं आधी ऐका. "सुई बदल", "लोकर बदल", "माझ्याकडे तर असं कधी होत नाही" ही उत्तरं बाजूला ठेवा. चूक नसतीलही, पण ती न पाहता दिलेली असतात.

एक सल्ला हमखास येतो: "इस्त्री फिरव, सगळं बसेल." अर्धं खरं आहे. सुती दोऱ्याचा रुमाल कडेनं किंचित लहरत असेल तर ओला करून टाचण्यांनी ताणून वाळवला, हलकी खळ दिली की सपाट बसतो. पण टाका राहिला असेल किंवा फेरीत सहा खांब कमी असतील तर कुठलीही इस्त्री ते आणून देणार नाही. आणि अ‍ॅक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री टेकवू नकाच. ती चपटी पडते, चमकते आणि पुन्हा उठत नाही. अ‍ॅक्रिलिकला लांबून वाफ द्या किंवा ओलं करून आकारात वाळवा, बस.

पटलेला सल्ला आधी नमुन्याच्या तुकड्यावर चार ओळी करून पाहा. दोन सल्ले एकदम लावू नका, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही.

टप्पा ९: मगच उसवा

किती ओळी मागे जायचं ते ठरवा आणि त्या ओळीच्या शेवटच्या टाक्यात पिन आधी घाला. ही पिन म्हणजे थांबा. ती नसेल तर हात एकदा ओढायला लागला की दोन ओळी जास्तच जातात. दोरा हळू, आडवा ओढा, आणि सोबतच गुंड्यावर गुंडाळत जा. जमिनीवर ढीग करू नका. केसाळ लोकर अडकते, ती झटक्यानं ओढू नका, एकेक टाका सुईच्या टोकानं सोडवा.

पिनेशी आलात की सुई घाला आणि ती ओळ पुन्हा मोजा. आकडा चिठ्ठीवर लिहा.

उसवायचंच का, हाही प्रश्न आहे. माझं मत: आकार बिघडवणारी चूक उसवायची, नक्षीतला एखादा चुकीचा टाका सोडून द्यायचा. बाळ शाल पांघरतं, मोजत नाही. तोरणात मात्र सोडू नये, दारात येणारा प्रत्येक माणूस वर पाहतो.

टप्पा १०: काय झालं ते कळवा

हा टप्पा जवळपास सगळ्या जणी विसरतात. सल्ला घेतला, दुरुस्त झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी दुसरी तोच प्रश्न विचारते. म्हणून जुन्या फोटोलाच उत्तर म्हणून नवा फोटो टाका, त्याच कापडावर, त्याच अंतरावरून, आणि एक ओळ लिहा: "टोकावर खांब घातला, दहाव्या ओळीतही ४० आहेत." कुणाच्या सांगण्यानं जमलं तिचं नाव घ्या. काकूंना बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी त्या मोजून सांगतात.

पॅटर्नबद्दल एक सूचना. तुमच्या कामाचा फोटो तुमचा, पण विकत घेतलेला पॅटर्न तुमचा नाही. त्याची पानं किंवा आकृती ग्रुपवर टाकू नका. अडलेली ओळ आपल्या शब्दांत सांगा, बनवणाऱ्याचं नाव सांगा. चिठ्ठीच्या फोटोत मागे पॅटर्नचं पान उघडं दिसत नाही ना, तेही पाहा. आणि भेटवस्तू असेल तर जिला द्यायची ती त्याच ग्रुपमध्ये नाही ना! रुखवतातली रांगोळी नवरीलाच आधी दिसल्याचे प्रकार होत असतात.

एकच काम मिळून करत असाल तर

चौकोन जोडून केलेली चादर बऱ्याच ग्रुपमध्ये निघते. ६ गुणिले ८, म्हणजे ४८ चौकोन, प्रत्येकी १५ सेंमीचा, तर चादर ९० बाय १२० सेंमीची होते. सुई आणि लोकर सगळ्यांना सारखी दिली की झालं, असं वाटतं. होत नाही. त्याच सुईवर एकीचा चौकोन १४ आणि दुसरीचा १६ सेंमीचा भरतो. म्हणून प्रत्येकीनं पहिला चौकोन पूर्ण करून टेपसह फोटो टाकावा, आणि तो १५ ला आल्याशिवाय दुसरा सुरू करू नये. घट्ट हाताच्या बाईनं अर्ध्या मिमीनं जाड सुई घ्यावी, सैल हाताच्या बाईनं बारीक. सगळ्या चौकोनांची शेवटची फेरी एकाच बाईला करू द्या, लहानसहान फरक त्यात जिरतो. लोकर एकदमच, एकाच लॉटची घ्या आणि वाटून द्या.

दुसऱ्याचं काम तुमच्या हातात आलं तर

हात धुवा. पिन बंद आहे का पाहा. आधी मोजा, मग बोला. काय चुकलं त्याच्याआधी कुठून चुकलं ते सांगा: "पाचव्या ओळीपर्यंत बरोबर आहे" हे ऐकलं की विणणारीला किती मागे जायचं ते कळतं. न विचारता उसवू नका, एक टाकासुद्धा.

काम सोडून द्यायचं असेल तर

काही कामं पुरी होत नाहीत. मूल मोठं होतं, टोपडं अर्धंच राहतं. तसं काम कपाटात वर्षानुवर्षं ठेवण्यापेक्षा ग्रुपमधल्या कुणाला द्या, पण नुसता तुकडा देऊ नका. घेणारीचा हात वेगळा असणार, त्यामुळे जोड दिसू नये म्हणून तिला बहुधा नव्यानं किंवा रंग बदलून पुढे न्यावं लागेल, हे आधीच सांगा. पिशवीत फासाला पिन लावलेलं काम, उरलेले सगळे गुंडे, लेबल आणि चिठ्ठी घाला. वापरलेली सुईही द्या किंवा निदान तिचे मिमी लिहा. पॅटर्न छापील आणि तुमच्या मालकीचा असेल तर तोही द्या, फोटोकॉपी नको. चिठ्ठीवर शेवटची पूर्ण झालेली ओळ आणि तिच्यातले टाके लिहा. पिशवी देताना ते घेणारीसमोर एकदा मोजून दाखवा.